तोच धूर आम्ही टाक्यांत भरतो

अण्णा, मी सुट्टीवर घरी आले आहे. हिंगोलीच्या घरी, आईच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही होतात तेव्हा आपण वारंगा फाट्याला तुमच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो, आणि रात्रंदिवस रस्त्यावरून ट्रक गेले की आईची भांडी फळीवर वाजायची. इथे तसं काही वाजत नाही. आई समोर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे. कोणाला लिहितेस म्हणून तिने मघाशी विचारलं, तर मी म्हणाले, ऑफिसचं आहे. तिने मान हलवली. तिला माझं काम अजून नीट कळलेलं नाही आणि तुम्हाला तर मी कामाला लागले हेच माहीत नाही. म्हणून आधी ते सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

मी तेलाच्या जहाजावर चीफ ऑफिसर आहे. कप्तानाच्या खालोखालचं पद. तेल भरणं, उतरवणं, टाक्या धुणं, टाक्यांत माणसं पाठवणं, हे सगळं माझ्या सहीनं होतं. एकेक टाकी आपल्या शाळेच्या इमारतीएवढी असते, आणि भरलेल्या टाकीची आम्हाला तेवढी भीती नसते जेवढी रिकामीची असते. तेल उतरलं की मागे त्याची वाफ राहते. त्या वाफेत हवा मिसळली की एक ठिणगी पुरे. म्हणून टाकीत हवा राहूच द्यायची नाही. मग हवेच्या जागी काय भरायचं? तर जहाजाच्या बॉयलरचा धूर. तो धूर समुद्राच्या पाण्यानं धुऊन गार करायचा आणि मोठ्या पंख्यांनी टाक्यांत ढकलायचा. त्याला इनर्ट गॅस म्हणतात. त्यात ऑक्सिजन इतका कमी की जळती काडी आत धरली तरी विझेल. जहाज त्यानं सुरक्षित राहतं. माणूस मात्र चुकून त्यात गेला तर दोनचार श्वासांत पडतो, आणि पडताना त्याला आपण पडतोय हेही कळत नाही. धुतल्यामुळे त्या धुराला रंग राहत नाही. समोर दिसतं ते आपल्या नेहमीच्या हवेसारखंच दिसतं.

ट्रेनिंगला असताना सरांनी फळ्यावर हे पहिल्यांदा काढून दाखवलं, तेव्हा मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं होतं, हा धूर आपण मुद्दाम भरायचा? ती म्हणाली, हो, सेफ्टीसाठी. मी सेफ्टी हा शब्द उतरवून घेतला. पुढे परीक्षा झाल्या, बढत्या झाल्या, नव्या मुलांना हीच गोष्ट मी स्वतः शिकवली. पण तो शब्द आणि तो धूर एका ठिकाणी ठेवायचे म्हटलं की माझ्या डोक्यात आजही काहीतरी सांडतं.

तुम्हाला बॅरलची गोष्ट आठवते का? पुसेगावकडचा कोणी माणूस डिझेलचं रिकामं बॅरल घेऊन आला होता. त्याला ते मधोमध कापून जनावरांना पाणी प्यायला दोन टाक्या करून हव्या होत्या. तुम्ही वेल्डिंगवाल्याला हात लावू दिला नाही. आधी हापशावरून पाणी आणून आणून बॅरल गच्च भरायला लावलं. तो माणूस कुरकुरत होता. मी उदबत्ती लावायला निघाले होते, हातात पेटती काडी, आणि पाणी कुठवर आलं ते बघायला बॅरलच्या तोंडाशी वाकले. तुम्ही माझ्या हातावर असा फटका मारलात की काडी चिखलात जाऊन पडली. मी रडले. तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता म्हणालात, "भरल्या डब्याला भिऊ नको. रिकाम्याला भी." मग संध्याकाळी जुन्या इंजिनातलं एक बेअरिंग रॉकेलनं घासून पुसून मला खेळायला आणून दिलंत. ते बोटात घालून फिरवलं की किती वेळ फिरत राहायचं. माफी मागायची तुमची ती रीत असावी. किंवा नसेलही. ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

आजीला ज्या विहिरींवर वरून कोणी पाणी ओतेल तेव्हाच घागर भरता यायची, त्याच विहिरींत तुम्ही पाना घेऊन उतरायचात. इंजिन बंद पडलं की शिरड शहापूरपासून माणूस मोटारसायकलवर तुम्हाला घ्यायला यायचा. आजी म्हणायची, आता कसे हाताला धरून नेतात. तिला त्याची फार मजा वाटायची. तुम्हाला नाही वाटायची. तुम्ही म्हणायचात, "इंजिनाला जात न्हाई, पण धूर हाये. ज्याच्या विहिरीत जास्ती धूर त्याचं काम जास्ती." हे तुम्ही हसून म्हणायचात, म्हणून मी सगळं आयुष्य असं धरून चालले की धुराचं तुम्हाला पुरतं कळत नव्हतं. तुम्हाला आग कळायची, धूर कळत नव्हता. मी ते असंच समजून घेतलं होतं आणि त्यात एक प्रकारची सोय होती. माहीत नव्हतं म्हणून त्या विहिरीत उतरलात आणि गेलात. माहीत नसलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

आता जहाजावर काय झालं ते.

आमचा पंपमन कोकणातला होता. टाक्यांचे पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा, शांत. कामाच्या वेळी मला मॅडम म्हणायचा आणि जेवताना ताई. आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर मराठीत बोलायला लागलो की बाकीचे हसायचे, कारण त्याची मराठी मला आणि माझी त्याला अर्धीच कळायची. त्याचा चुलतभाऊही त्याच जहाजावर होता, पहिल्यांदाच बोटीवर आलेला खलाशी, विशी ओलांडलेला. पंपमननंच त्याला चिकटवलं होतं.

त्या सकाळी आम्ही एक टाकी आत उतरण्यासाठी तयार केली होती. धूर काढून टाकला, ताजी हवा भरली, ऑक्सिजन मोजला, परवानगीच्या कागदावर मी सही केली. माणसं आत जाऊन काम करून नीट वर आली. शेजारच्या टाकीत मात्र गॅस तसाच होता, आणि आतलं माप घेण्यासाठी तिचं झाकण थोडा वेळ उघडलं होतं. पंपमन तिथे वाकलेला होता. त्याच्या हातातून मोजायचं यंत्र सटकलं आणि शिडीच्या पहिल्या टप्प्यावर जाऊन पडलं. अण्णा, तो टप्पा इतका जवळ होता की वरून यंत्राचे आकडे वाचता येत होते. तिथवर उतरायला काय लागतं? त्यानं मागे वळून बघितलं नाही, कोणाला हाक मारली नाही. यंत्र उचलायला खाली गेला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग कुशीवर कलंडला. ज्या माणसानं माझ्यासोबत उभं राहून कित्येकांना सांगितलं होतं की उघड्या टाकीत डोकंसुद्धा घालायचं नाही, तो माणूस. तो का उतरला ते मला आजही सांगता येत नाही. चौकशीला आलेल्यांनी सवयीमुळे असं काहीतरी लिहिलं. मला ते पटलं नाही, पण त्याच्या जागी दुसरं काय लिहावं तेही सुचलं नाही.

मी ओरडले, रेडिओवरून कळवलं, घंटा झाली. तेवढ्यात त्याचा भाऊ धावत आला आणि थेट उघड्या झाकणापाशी. मी त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरला. त्यानं मला झटकलं, तेव्हा मी टाकीच्या त्या उघड्या तोंडावरच आडवी पडले.

"मॅडम, सोडा! तो इथंच आहे! हात पुरतो माझा!"

"सेट येतोय. श्वासाचा सेट घालूनच उतरायचं."

"तोवर मरेल तो! मी श्वास कोंडून जातो, उचलतो आणि येतो!"

"उचलायला श्वास लागतो," मी म्हणाले. "तू खाली गेलास तर मला दोघांना काढावं लागेल."

तो माझ्या खांद्यांवर मुठी मारत होता. खाली पंपमनचा चेहरा दिसत होता. मध्ये एकदा त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. हलले असतील किंवा नसतील. पाठीवर हवेची नळकांडी लावून, तोंडाला मुखवटा घालून दोघं आले आणि त्यांनी त्याला वर काढलं. सराव जसा करतो तसं सगळं झालं, कोणी चुकलं नाही. आम्ही डेकवर त्याची छाती दाबत राहिलो, ऑक्सिजन देत राहिलो, आळीपाळीनं, हात भरून येईपर्यंत. कप्तान जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून थांब म्हणाला, तेव्हा मी थांबले.

बंदर येईपर्यंत त्याला जहाजाच्या कोल्डरूममध्ये ठेवावं लागलं. त्याचा भाऊ तिथे दाराबाहेर बसायचा. मी जवळ गेले की उठून दुसरीकडे जायचा. बंदराला उतरताना मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही बरोबर केलंत. मला सगळे तेच सांगतात. मी पण घरी तेच सांगणार आहे. पण तुमचं तोंड बघवत नाही मला." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, जेवून जा. चौकशी करणाऱ्यांनी माझं नाव घेऊन लिहिलं की मी थांबवलं म्हणून आणखी जीव वाचले. ते खरंच असावं. जे झालं नाही ते कसं मोजतात, ते मला कळत नाही.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा आले. तुम्ही ज्यांना विहिरीतून वर पाठवलंत ते, शिरड शहापूरच्या पलीकडचे, मेंढरंवाले मामा. मी सुट्टीवर आले की ते येतातच. मेंढरं नातवाच्या ताब्यात देऊन एस.टी.नं येतात, ओट्यावर बसतात, आईच्या हातचा चहा पितात, माझ्याकडे एकदा नीट बघून घेतात आणि जातात. इतकी वर्षं आम्ही तुमच्याविषयी बोललेलोच नाही. त्यांनी विषय काढला नाही आणि मला वाटायचं, ते काढतील तेव्हा ऐकू. या वेळी मीच विचारलं. आई पाणी भरायला मागे गेली होती.

"मामा, त्या दिवशी नेमकं झालं काय होतं?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आता काहून इचारून राहिली, माय?"

"मला कळायचंय."

मग त्यांनी सांगितलं. विहिरीचं पाणी खूप खाली गेलं होतं, म्हणून रॉकेलवर चालणारं लहान इंजिन दोरांनी आत कपारीवर सोडलं होतं. तुम्ही ते चालू करून वर आलात. सकाळभर चाललं आणि मग खोकत खोकत आपोआप बंद पडलं. मामांना वाटलं, रॉकेल संपलं. ते उतरायला निघाले.

"तुहा बाप म्हणला, थांब रे. धूर निघू दे. इंजिनालाच दम पुरंना आत, तुला कुठून पुरंल? म्या म्हणलं, पाळी आमची हाये पाण्याची, टाइम कुठं हाये. अन् उतरलो. बस, पुढचं मला ठाव न्हाई. लोकायनं सांगितलं ते सांगतो."

मी तिथेच थांबले, अण्णा. पुढचं ऐकायच्या आधीच. इंजिनालाच दम पुरत नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी वर्गात जे शिकले, ज्याच्यावर सह्या करते, ज्या जागी आग जगत नाही त्या जागी माणूस जगत नाही, ते तुम्ही विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांना सांगितलं होतं. आणि तरी तुम्ही उतरलात.

मामा सांगत होते. लोक म्हणाले की ते खाली पडलेले दिसताच तुम्ही दोर घेऊन उतरलात. जाताना तोंडाला ओला टॉवेल बांधला होता. त्यानं काही होत नाही, ओल्या फडक्यातून ऑक्सिजन येत नाही, पण ते तुम्हाला कोण सांगणार होतं. तुम्ही त्यांच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली आणि हात वर केलात. वरच्यांनी ओढलं. त्यांना काठावर निजवून, दोर सोडून पुन्हा खाली टाकेपर्यंत तुम्ही बसला होतात.

"भिताडाला टेकून बसला व्हता म्हणं," मामा म्हणाले. "मांडी घालून. लोकायला वाटलं, दम खाऊन राहिला. हाका मारल्या. कोणी म्हणलं बसू द्या जरा, थकला आसंल."

आईच्या बादलीचा आवाज मागून येत होता. मग मीही त्यांना जहाजावरचं सांगितलं. सगळं नाही, पण पंपमन, त्याचा भाऊ, मी आडवी पडले ते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग त्याच्यासाठी कोणी उतरलंच न्हाई?"

"उतरले मामा. सेट घालून उतरले."

"व्हय, पण बादमधी."

त्यांना मला बोल लावायचा नव्हता. त्यांना खरंच ते समजून घ्यायचं होतं. मी म्हणाले, कायदा तसा आहे. टाकीत एक पडला की मागून जाणारे मरतात, बहुतेक वेळा वाचवायला गेलेलेच मरतात, म्हणून आम्ही कोणाला जाऊ देत नाही. ते ऐकून मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "मामा, अण्णा उतरले ते बराबर होतं का?"

"मला इचारू नको, माय," ते म्हणाले. "बराबर म्हणलं तर तुहा बाप मेला ते बराबर झालं. चूक म्हणलं तर म्या जगलो ते चूक. माह्या पोरीचं लगीन झालं, नातवंडं झाली, मेंढरं हायेत. हे समदं कुठं ठेवू? इतके वर्सं झाले, मला बी उमगलं न्हाई. म्हणून तर येऊन बसतो इथं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते माझ्याकडे बघायला येत नव्हते. त्यांनाही काहीतरी विचारायचं होतं आणि कोणाला विचारायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. जाताना त्यांनी आईला हात जोडले. ती म्हणाली, "भाऊ, पुढच्या टायमाला वहिनीला बी आणा." दर वेळी ती हेच म्हणते. तिच्या मनात त्यांच्याविषयी काय आहे तेही मी कधी ओळखू शकले नाही.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही नियम मोडलात आणि एक माणूस घरी गेला. मी नियम पाळला आणि एक माणूस कोल्डरूममध्ये गेला. तुम्ही माझ्या जहाजावर असता तर मी तुमचाही पट्टा धरून तुम्हाला मागे खेचलं असतं, आणि मग मामा त्या कपारीवर तसेच राहिले असते. मी त्या विहिरीवर असते तर तुम्ही आज इथे आईसमोर शेंगा सोलत बसला असतात, म्हातारे, चिडके, दाणे कमी आणि फोलपटं जास्त म्हणून तक्रार करत. मला ते हवं आहे. पण ते हवं म्हणताना मला मामांच्या नातवाचा चेहरा दिसतो, आणि तो आता बारावीला आहे. दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मनात धरू शकत नाही. एक धरली की दुसरी सुटते. कधी वाटतं तुम्ही मूर्खपणा केलात. लगेच वाटतं की कोणी तरी उतरतं म्हणून माणसं माणसांत राहतात. मग पंपमनचे ओठ आठवतात आणि दोन्ही वाक्यं खोटी वाटायला लागतात. त्याच्या भावाला मी काय दिलं? त्याचा जीव दिला, असं चौकशीवाले म्हणतात. त्याला तो नको असेल तर?

कंपनीनं पुन्हा कधी निघता म्हणून विचारलं आहे. मी जाणार आहे. दुसरं काही मला येत नाही, आणि खरं म्हणजे ते काम मला आवडतं, मोकळा डेक, वारा, टाक्यांत हवा भरायला लागल्यावर यंत्रावर हळूहळू चढत जाणारा ऑक्सिजनचा आकडा. पुन्हा असं काही झालं तर मी पुन्हा तसंच टाकीच्या तोंडावर आडवी पडेन. हे मला पक्कं माहीत आहे. बरोबर आहे म्हणून नाही. पडेन, एवढंच.

काल आईनं जेवताना विचारलं. मामांचं बोलणं तिनं मागून ऐकलं असावं. ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्या पोराला तू धरून ठिवलं ना, तव्हा तुला तुहे अण्णा आठवले आसतील. व्हय ना? म्हणूनच धरलं तू." तिच्या आवाजात अशी काही आशा होती की मी मान खाली घालून हो म्हणाले.  मग स्वतःच्या ताटातलं लोणचं तिनं माझ्या ताटात वाढलं, आणि आज सकाळी तिनं शेजारणीला फोनवर तेच सांगितलेलं मी ऐकलं, बाप आठवला म्हणून पोरीनं दुसऱ्याचं लेकरू वाचवलं.

अण्णा, हा कागद मी कोणाला पाठवणार नाही आणि आईला तर दाखवणारच नाही, म्हणून सांगते. त्या झाकणावर मला तुम्ही आठवला नाहीत. एकदाही नाही. त्या पोराचा पट्टा तेवढा दिसत होता, आणि तो माझ्या हातून सुटत होता.